एकोणसाठ खाटांचा अणू

सोमवार, ११ ऑगस्ट

अमोल सर तलाठी झाले. शनिवारी पेढे वाटले, आज त्यांची खुर्ची रिकामी. रसायनशास्त्रातला माणूस सातबारा लिहायला गेला यात नवल नाही. नवल हे की मुख्याध्यापक विशे सरांनी ती खुर्ची माझ्याकडं सरकवली.

"भूमिका मॅडम, तुम्ही सायन्सच्याच ना?"

"सर, मी बॉटनीची."

"मग झालं तर. झाडातही केमिकल असतंच की."

आमची आश्रमशाळा डोळखांबपासून जीपनं अर्धा तास आत, एका खासगी संस्थेची. मी आटगावहून रोज येऊन-जाऊन करते. गेली दोन वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतेय, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर शिक्षक, नाही घेतला तर पाहुणी. हातातली ऑर्डर दिवाळीपर्यंतची. पुढची विशे सरांच्या मर्जीवर. म्हणून हो म्हटलं.

अकरावीचा चौथा धडा चालू आहे. अणूची रचना. अकरावीला असताना हा भाग मी ऑप्शनला टाकला होता. तो दहा वर्षं दबा धरून बसला होता असं दिसतं.

बुधवार, १३ ऑगस्ट

पहिला तास. सूर्याभोवती ग्रह फिरतात तसे केंद्रकाभोवती इलेक्ट्रॉन फिरतात, असं छान हातवारे करून सांगितलं. पान उलटलं तर पुस्तकात लिहिलेलं की हे चूक आहे. इलेक्ट्रॉनला ठरलेली वाट नसते. तो जिथं सापडण्याची शक्यता जास्त, त्या जागेला ऑर्बिटल म्हणायचं. मी फळा पुसला आणि चेहरा तसाच ठेवला.

हनुमान म्हणून एक मुलगा आहे, शेजारच्या पाड्यावरून येतो, तोंड कधी मिटत नाही. तो म्हणाला, "म्हणजे मॅडम, नक्की कुठं हाय ते कुनालाच ठावं नाय, पन असलाच तर याच भागात?"

"हो."

"आपल्या मुख्याध्यापकांसारखं."

रागवायला हवं होतं. पण उदाहरण अचूक होतं. मग पुढचं सांगितलं, की ऑर्बिटलमध्ये काही जागी इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता शून्य असते, तिला नोड म्हणतात. अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, "प्रयोगशाळा."

दहा मिनिटांत दोन संकल्पना झाल्या. अमोल सरांना एवढ्याला आठवडा लागायचा.

सोमवार, १८ ऑगस्ट

रविवार गाइडात गेला. प्रत्येक इलेक्ट्रॉनला चार क्वांटम नंबर असतात. पहिला सांगतो तो केंद्रकापासून किती लांबच्या कवचात, दुसरा ऑर्बिटलचा आकार, तिसरा त्याची दिशा. चौथा म्हणजे स्पिन. मी पत्त्याचं उदाहरण दिलं: तालुका, गाव, पाडा. चौथ्याला अडले. पत्त्यात स्पिन कुठून आणायचा?

आकार बरे जमले. एस म्हणजे नाचणीच्या पिठाचा गोळा. पी म्हणजे डमरू. डी म्हणजे दोन डमरू एकमेकांत अडकलेले. एफ विचारू नका, असं मी आधीच सांगून टाकलं.

शेवटी नियम सांगितला, की एका ऑर्बिटलमध्ये दोनच इलेक्ट्रॉन राहतात, आणि त्यांचे स्पिन एकमेकांच्या उलटे. तेव्हा लहानी मेंगाळ उभी राहिली. ही हॉस्टेलवरची मुलगी. नाव लहानी, उंची वर्गात सगळ्यांपेक्षा जास्त. अकरावी सुरू झाल्यापासून तिचा आवाज मी हजेरीपलीकडं ऐकला नव्हता.

"मॅडम, तिसरी का नाय मावत?"

इलेक्ट्रॉन पुल्लिंगी आहे, तिसरा म्हण, असं तिला सुधारलं. कारण मात्र मला माहीत नव्हतं. शास्त्रज्ञांनी तसं ठरवलंय, म्हटलं. ती बसली. ज्या नजरेनं बसली ती मला आवडली नाही.

गुरुवार, २१ ऑगस्ट

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा. मी पुन्हा स्पिनशी झटत होते. लहानीनं हात वर केला.

"मॅडम, खाटेचं सांगू?"

"सांग."

"एका खाटेवर दोघी. एकीचं डोकं इकडं, दुसरीचं तिकडं. दोघींची डोकी एका बाजूला केली तर खांदे नाय मावत. उलट्या झोपल्या तर मावतात. तिसरी आली का एक खाली पडते."

मी खडू खाली ठेवला. वा, छान उदाहरण, म्हटलं. वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. फळ्यावर चौकोन काढले, प्रत्येकात एक बाण वर, एक बाण खाली. चौथा नंबर सगळ्यांना कळला, मलाही.

मग विचारलं, "आणि रिकाम्या खाटा असतील तर?"

"तर कोन कशाला कुनाच्या पायाशी झोपंल?"

हा तर पुढचा नियम: सारख्या ऊर्जेची रिकामी ऑर्बिटल्स असतील तर इलेक्ट्रॉन आधी एकेकटे बसतात. पुस्तकात याला पाऊण पान लागलंय. लहानी अजून उभीच होती, काहीतरी सांगायचं होतं तिला, पण घंटा झाली आणि मला जीप गाठायची होती.

असं डोकं मुलांचं चालतं, फक्त शिकवणारा हवा.

बुधवार, ३ सप्टेंबर

गणपतीची सुट्टी संपली. बारा तारखेला तपासणी आहे. ठाण्याहून साहेब येणार. गेली चार वर्षं तपासणीला हरड सरांचा इंग्रजीचा एकच तास दाखवतात, तीच कविता, तेच प्रश्न. मुलं प्रश्नाआधी उत्तर देतात.

यंदा मात्र हॉस्टेलच्या मुलींचं शिष्टमंडळ विशे सरांकडं गेलं. पुढं लहानी. मागणी काय, तर साहेबांना भूमिका मॅडमचा केमिस्ट्रीचा तास दाखवा. विशे सर मला म्हणाले, "काय जादू केलीत हो? या मुली जेवणाच्या डाळीबद्दलसुद्धा कधी तोंड उघडत नाहीत."

मी नम्रपणे हसले. घरी आल्यावर आरशात जरा जास्त वेळ बघितलं.

संध्याकाळी जीपपाशी लहानी गाठून म्हणाली, "मॅडम, खाटेचं उदाहरण ठेवा हां. बाकी काय पन बदला, त्ये ठेवा."

मंगळवार, ९ सप्टेंबर

मुलींनी तक्ता बनवलाय. काढला गंगीनं. ही लहानीची सावली, सदा तिच्या बाजूला. काढताना सारखी बोटांच्या बेचक्यांत खाजवत होती. खडूच्या धुळीनं असेल. हात धू म्हटलं.

तक्ता कसला, अख्खा कागद चौकोनांनी भरलेला. प्रत्येक चौकोनात एक बाण वर, एक खाली. मोजले तर चौकोन एकोणसाठ. बाण एकशे अठरा.

मला एकदम लख्ख झालं. एकशे अठरा म्हणजे आवर्तसारणीतलं शेवटचं मूलद्रव्य, ओगॅनेसन. एकशे अठरा इलेक्ट्रॉन, एकोणसाठ ऑर्बिटल्स, सगळी भरलेली, जोड्या पूर्ण. अकरावीच्या मुलींनी थेट टोक गाठलं.

"हे कुणी सुचवलं गो तुम्हाला?"

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. लहानी म्हणाली, "मोजलं, मॅडम."

फक्त मांडणी चुकली होती. एस, पी, डी असे गट करायला हवेत. यांनी सरळ चार रांगा काढलेल्या, मध्ये येण्याजाण्याएवढी जागा सोडून. दुरुस्त करा म्हटलं तर गंगीनं तक्ता छातीशी धरला. "ऱ्हाऊ द्या मॅडम, बरोबर हाय."

हॉस्टेलच्या अधीक्षिका भेरे मॅडम डोकावून गेल्या. "छान नक्षी काढली," म्हणाल्या.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

झोपण्याआधी लिहून काढते.

साहेब साडेअकराला आले. गंभीर मनुष्य, चष्मा गळ्यात लोंबणारा. मागच्या बाकावर बसले. बाजूला विशे सर, त्यांच्या बाजूला भेरे मॅडम. तास चांगला चालला होता. पत्ता झाला, डमरू झाले, खाट झाली. हनुमानला नोडवर बोलायचं नाही असं आधीच बजावलं होतं. तो तोंडावर हात ठेवून बसला होता.

साहेब उठून तक्त्यापाशी गेले. चष्मा लावला, ओठ हलवत मोजलं.

"ओगॅनेसन?"

"हो सर," मी म्हटलं. एवढा अभिमान मला एमएस्सीच्या निकालालाही वाटला नव्हता.

"कमाल आहे. मी स्वतः केमिस्ट्रीचा. पण मांडणी अशी का?" त्यांनी लहानीकडं बघितलं. "सांग बाळ, हा चौकोन म्हणजे काय?"

उत्तर ठरलेलं होतं: हा चौकोन म्हणजे एक ऑर्बिटल. लहानी म्हणाली, "खाट, सर."

"हो, ते उदाहरण झालं. आणि बाण?"

"आमी."

साहेब हसले. तिनं बोट ठेवलं. "ही सत्तावीस नंबरची. वरचा बान मी. खालचा गंगी. हा दरवाजा. इकडं संडास, म्हनून या रांगेत बारक्या झोपतात, रातच्याला लांब जायला भितात म्हनून."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हॉस्टेलवर किती मुली?"

"एकशे अठरा," अख्ख्या वर्गानं सांगितलं. मुलांनीसुद्धा.

साहेबांनी हातातली फाइल उघडली, एका पानावर बोट टेकवलं. "इथं खाटाही एकशे अठराच आहेत." मग भेरे मॅडमकडं वळून म्हणाले, "चला, बघून येऊ."

"सर, जेवण तयार आहे," विशे सर म्हणाले. "कोंबडी गरम आहे."

"थंड चालते मला."

तास अर्धवट राहिला. मी फळ्यासमोर खडू घेऊन उभी. मुली खाली मान घालून बसलेल्या, आणि मला पहिल्यांदा वाटलं की त्या लाजलेल्या नाहीयेत.

शनिवार, १३ सप्टेंबर

सकाळीच विशे सरांनी बोलावलं. आवाज मऊ होता. त्यांचा आवाज मऊ झाला की खिडक्या लावून घ्याव्यात.

"मॅडम, एक छोटंसं पत्र द्या. की खाटेचं उदाहरण तुमच्या कल्पनेतलं होतं. विषय सोपा व्हावा म्हणून. मुलींनी ते पाठ केलं आणि साहेबांसमोर गोंधळ झाला."

"पण सर, साहेबांनी खाटा पाहिल्या ना?"

"त्याचं आम्ही बघू. निम्म्या खाटा दुरुस्तीला गेल्यात, असं आहे ते." मग ड्रॉवर उघडून बंद केला. "तुमची दिवाळीनंतरची ऑर्डर टायपिंगलाच द्यायची होती. पुढच्या वर्षी पूर्णवेळचं सुद्धा डोक्यात आहे माझ्या."

सोमवारपर्यंत देते, म्हटलं. खोटं कशाला लिहू, जीपमध्ये मी त्या पत्राचा मजकूर मनात तयारसुद्धा केला. चांगला झाला होता. 'अध्यापनाच्या सोयीकरिता' हे शब्द मला विशेष आवडले होते.

घरी आई तांदूळ निवडत होती. तिला सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं.

"तू बघून आलीस काय गो त्या खाटा?"

"नाय."

"मग तुला काय ठावं, खऱ्या का खोट्या?"

आणि सुपातला खडा काढून बाहेर टाकला.

सोमवार, १५ सप्टेंबर

हॉस्टेल माझ्या वर्गापासून साठ पावलांवर आहे. आज मोजली. दोन वर्षांत एकदाही आत गेले नव्हते.

मधल्या सुट्टीत गेले. चार रांगा, मध्ये येण्याजाण्याएवढी जागा. तक्ता हातात घेऊन चालले असते तरी चुकले नसते. लोखंडी खाटा, अरुंद, माझ्यासारखी एकटीसुद्धा कुशीवर वळताना विचार करेल अशा. मोजल्या. एकोणसाठ. दुरुस्तीला गेलेल्या खाटांची जमिनीवर खूणसुद्धा नव्हती, आणि त्या ठेवायला जागाही नव्हती.

सत्तावीस नंबरवर लहानी ताप येऊन पडली होती. पाय गजाच्या बाहेर. गंगी खाली फरशीवर गोणपाटावर बसून वही लिहीत होती.

"तू खाली का?"

"तिला ताप हाय ना मॅडम. मी तीन दिस खालीच झोपते. फरशी वली लागते जरा."

तिचे हात जवळून पाहिले. बेचक्यांत फोड, सुकलेले, परत उघडलेले. खरूज. शेजारच्या खाटेवरच्या दोघी बारक्यांच्या हातांवरही तेच. खडूची धूळ म्हणाले होते मी. बॉटनीत एमएस्सी आहे माझं.

मी खाटेच्या कडेवर टेकले. लहानीला विचारलं, "अर्ज नाही केला कधी?"

"तीनदा केला. अर्ज भेरे मॅडमकडंच द्यायचा असतो."

"मग मला सांगायचं ना गो."

तिनं डोळे उघडले. राग नव्हता. अगदी साधेपणानं म्हणाली, "सांगितलं ना मॅडम. तुमी म्हनालात, वा, छान उदाहरन. टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी."

बाहेर आल्यावर प्रयोगशाळेत जाऊन उभी राहिले, कारण तिथं कुणी येत नाही.

मंगळवार, १६ सप्टेंबर

पत्र दिलं. पूर्ण मजकूर असा:

'दि. १२ सप्टेंबरच्या तासात वापरलेले खाटांचे उदाहरण काल्पनिक नाही. ते विद्यार्थिनींनी स्वतःच्या वसतिगृहावरून दिलेले असून मी दि. १५ रोजी स्वतः मोजणी केली आहे. खाटा ५९. मुली ११८. अनेक मुलींना खरूज झाली आहे. औषधोपचाराची तातडीने गरज आहे. एक मुलगी तापाने आजारी असून तिची जोडीदार जमिनीवर झोपत आहे. उदाहरण समजायला मला चार आठवडे लागले, याबद्दल दिलगीर आहे.'

एक प्रत साहेबांना रजिस्टरनं पाठवली. डोळखांबच्या पोस्टातल्या बाईंनी पाकीट उलटसुलट करून विचारलं, "लग्नाचं हाय काय?"

विशे सरांनी पत्र दोनदा वाचलं. "शेवटचं वाक्य काढता येईल का?"

"सर, तेच एक माझ्याबद्दल आहे."

ड्रॉवर आज उघडलाच नाही.

हे सगळं धैर्यानं केलं असं लिहायला आवडलं असतं. खरं म्हणजे सही दोनदा करावी लागली, पहिली माझीच वाटेना.

बुधवार, २४ सप्टेंबर

आरोग्य केंद्रातून पथक आलं. एकशे अठरा मुलींना गळ्यापासून पायापर्यंत मलम. दोन दिवस शाळेला औषधाचा वास. हनुमान म्हणतो, वर्गात बसलं तरी आजोळी आजारी आजीला भेटायला गेल्यासारखं वाटतं. लहानीचा ताप उतरला. भेरे मॅडम वैद्यकीय रजेवर. आजार कुणालाच माहीत नाही.

स्टाफरूममध्ये माझ्याशी कुणी बोलत नाही. फक्त हरड सरांनी कुणी बघत नाहीसं पाहून माझ्यासमोर चहा ठेवला आणि म्हणाले, "चार वर्षं मी ती कविता शिकवली. एकाही मुलीनं मला कधी उदाहरण दिलं नाही." त्यांचं दुःख खरं होतं.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

काल टेम्पो आला. खाटा चाळीस. एकोणसाठ हव्या होत्या, पण चाळीस खऱ्या आहेत, हात लावून पाहिल्या. विशे सरांनी पहिल्या खाटेला हार घातला, नारळ फोडला. 'संस्थेच्या पुढाकाराने' असा फलक लावून फोटो काढला. साहेब बाजूला उभे होते, पण फोटोच्या वेळी त्यांना नेमका फोन आला.

ठेवायला जागा म्हणून भेरे मॅडमची राहती खोली आणि शेजारची बंद कोठी उघडली. कोठीत तीन कूलर निघाले. या शाळेला कूलर आहेत हे मला माहीत नव्हतं.

आता नव्व्याण्णव खाटा. म्हणजे एकोणीस खाटांवर अजून जोड्याच. त्या कोण घेणार हे मुलींनी आपसात ठरवलं. लहानीनं फळ्यावर यादी केली. एकट्यानं झोपायला भिणाऱ्या बारक्या आधी, मग ज्यांची हौस असेल त्या. भांडण एकच झालं, खिडकीजवळच्या खाटेवरून, आणि ते अजून चालू आहे.

गंगीला म्हटलं, आता सुटलीस लहानीच्या पायांतून. ती म्हणाली, "हो ना. पन काल मला झोपच नाय लागली. कुनी लाथच मारीना."

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. अपेक्षेप्रमाणे पत्र मिळालं. दोन ओळींचं. सेवेची आवश्यकता उरलेली नाही. त्याच दमात विशे सरांनी विचारलं, "तुमच्या केमिस्ट्रीच्या नोट्स ठेवून जाल का? नवीन माणूस मिळेपर्यंत."

"मिळालाय का?"

"जाहिरात द्यायचीय."

नोट्स ठेवल्या. माझ्याबरोबर नेऊन काय झाडांना वाचून दाखवणार?

वर्गात सांगितलं. कुणी रडलं नाही. मला जरा अपेक्षा होती. हनुमाननं तेवढं विचारलं, "मग आता तुमी सापडनार कुठं मॅडम?"

"आटगावला. शक्यता जास्त."

जीपपाशी लहानी आणि गंगी आल्या. लहानीच्या हातात कागद. साहेबांच्या नावानं अर्ज, थेट पोस्टानं पाठवायचा, मधे कुणी नाही. पाठीमागच्या तीन पानांवर सह्या. बारक्यांचे अंगठे होते, त्यांना सही येते तरी. अंगठा मोठा दिसतो म्हणे.

मी पानं उलटली. म्हटलं, "अगो, माझ्यासाठी कशाला एवढं?"

लहानी गोंधळली. "तुमच्यासाठी नाय, मॅडम. केमिस्ट्रीच्या टीचरसाठी. सुट्टी संपली का लगेच पायजे, असं लिवलंय. परीक्षा हाय ना." मग माझ्या तोंडाकडं बघून सावरून घेतलं. "तुमी आलात तरी चालंल. तुमाला सांगितलं का कळतं. जरा टाइम लागतो एवढंच."

"कळलं," मी म्हटलं. "अजून काय लिहिलंय अर्जात?"

"एकोनीस खाटा."

जीपवाल्यानं हॉर्न दिला. मी कागदावरचा पत्ता तपासला, पिनकोड चुकला होता तो दुरुस्त केला, आणि अर्ज पर्समध्ये घातला. रजिस्टर शहापूरहून करीन, पावती आणून देईन, असं कबूल केलं. पावती द्यायला यावं लागेल, हे आम्हा तिघींच्याही लक्षात आलं.

डोळखांबपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. भात कापणीला आलंय. मग पिशवीतून पाठ्यपुस्तक काढलं, ते चुकून माझ्याकडंच राहिलंय. पाचवा धडा: केमिकल बाँडिंग. पहिल्याच पानावर चार शब्द अडले. शेजारच्या बाईंना म्हटलं, जरा सरकता का, आणि पेन्सिल काढली.